वस्तादाचा राखून ठेवलेला डाव

पत्र:

काका, नमस्कार. वय ४३, राहायला कामोठे. दहावी झाल्यावर कळंबोलीच्या लोखंड बाजारात हायड्रावर, म्हणजे माल उचलून चालणाऱ्या छोट्या क्रेनवर, हेल्पर म्हणून लागलो. आज १५० टनी, पट्ट्यांवर चालणारी क्रॉलर क्रेन चालवतो. पुलांची कामं, गर्डर, सगळं केलंय. आमचे शेठ क्रेन भाड्याने देतात. तळोज्याच्या यार्डात ते आता नवीन पोरांना ट्रेनिंग द्यायचं काढतायत आणि म्हणतात, तू शिकव. पगार ४४ हजार, फिक्स. आत्ता ओव्हरटाइम धरून ५५-५८ पडतात. मुलगी बारावीला, घराचा हप्ता चालू. मला चार माणसांत उभं राहून बोलायची सवय नाही. दोस्त म्हणतात, पोरं तयार केलीस की शेठ त्यांना निम्म्या पगारात ठेवेल आणि तुला घरी बसवेल. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. पाच वर्षांपूर्वी साइट इंजिनिअरच्या घाईपायी मी जास्त वजनाचा अलार्म बंद करणारी बायपासची चावी फिरवून माल उचलला होता. मशीन मागून हलकं झालं. मी लगेच माल खाली टेकवला, कुणाच्या लक्षात आलं नाही. असा माणूस दुसऱ्याला काय शिकवणार?

ता. क. हल्ली संध्याकाळी हुक जरा धुरकट दिसतो. मेडिकलला सांगितलेलं नाही. सांगावं का?

— एक ऑपरेटर, कामोठे

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पगारासाठी, दुसऱ्यांदा त्या चावीसाठी. चावीचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण खरं पत्र तिथेच आहे, म्हणून मीही तिथूनच सुरू करतो.

‘मशीन मागून हलकं झालं’ म्हणजे काय, ते सीटवर बसून ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळत नाही. इंजिनाचा आवाज तोच असतो, काचेतून दिसणारी साइट तीच असते. आधी बुडाला कळतं, मग पोटाला. डोळ्यांना सगळ्यात शेवटी. त्या क्षणी तुम्ही हॉइस्टने, म्हणजे नुसता दोर सोडून, माल खाली टेकवलात. नवखा पोरगा तिथे काय करतो माहितीये? घाबरून बूम, म्हणजे क्रेनचा अख्खा हातच, खाली घेतो. त्याच्या लेखी खाली म्हणजे खाली. बूम खाली आला की हुक पुढे जातो, त्रिज्या वाढते, आणि पडू की नको अशा विचारात असलेलं मशीन एकदाचं पडतं. तुमच्या हाताला हा फरक न विचारता कळला, म्हणून आज लायकीचा प्रश्न विचारायला तुम्ही जागेवर आहात.

चावी फिरवलीत ती चूकच. त्यावर पांघरूण घालणार नाही. घाई इंजिनिअरची होती हे मान्य, पण चावीवर बोटं तुमची होती. पण पाच वर्षांनीही ती गोष्ट तुम्हाला टोचतेय. जो छाती ठोकून सांगतो की वीस वर्षांत आपल्याकडून काही झालं नाही, त्याच्या हाताखाली मी तरी माझा पोरगा शिकायला पाठवणार नाही. एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर त्याला कळलंच नाही केव्हा काय झालं ते.

आता माझं ऐका. १९८४ साली ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मी खलाशी म्हणून, म्हणजे खाली माल बांधायला, लागलो, मग छताखालच्या रुळांवर चालणाऱ्या ईओटी क्रेनवर गेलो, तिथून बाहेरच्या मशिनांवर. २००३च्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या बाजूला एका यार्डात होतो. कुठलं ते राहू दे. हाताखाली जालन्याकडचा एक पोरगा होता, वीस-एकवीस वर्षांचा, हायड्रावर. त्याला मी शंभरदा सांगितलं असेल, ‘माल घेऊन चालताना गुडघ्याच्या वर न्यायचा नाही.’ का न्यायचा नाही ते एकदाही सांगितलं नाही. थोडा आळस. आणि मनात हेही होतं की सगळंच सांगून बसलो तर उद्या आपल्याला कोण विचारणार?

त्या दिवशी वाटेत पाइपांची थप्पी आडवी आली. थप्पीवरून जावं म्हणून त्याने लटकता बंडल छातीएवढा वर घेतला आणि तसाच वळला. हायड्रा कमरेतून वळते हे तुम्हाला माहीत आहे. वळताना तिचा सरळ उभं असतानाचा तोल राहत नाही. त्यात लटकता माल वळणाच्या बाहेर झोका घेणार, तो जितका वर तितका वाईट. खाली चिखल. आडवी झाली. पोराच्या गळपट्टीचं हाड मोडलं, जीव वाचला. दवाखान्यात मी त्याच्यावर ओरडलो, तुला सांगितलं होतं ना! तो म्हणाला, ‘सर, मला वाटलं पाइप पडून चेपू नयेत म्हणून सांगता. मी बंडल नीट बांधला होता.’

त्याने बंडल खरोखरच नीट बांधला होता. मी नियम दिला आणि कारण माझ्याकडे ठेवलं, तेव्हा त्याने आपल्या अकलेने एक कारण बसवलं आणि त्या कारणाला धरून तो बरोबरच वागला. त्या उत्तरावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

तालमीत म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. तालमीत ते चालतं. चेला उलटलाच तर वस्तादाला स्वतःला वाचवता यावं, एवढीच त्यामागची सोय. आपल्या धंद्यात ही म्हण तालमीतून जशीच्या तशी उचलून आणली आणि उस्ताद लोक तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगले. हेल्परकडून आधी दोन वर्षं मशीन पुसून घ्यायचं, ग्रीस मारून घ्यायचं, मग लिव्हरला हात लावू द्यायचा, आणि लोड चार्ट, म्हणजे किती त्रिज्येला किती वजन उचलायचं तो तक्ता, मात्र सीटच्या मागे दुमडून ठेवायचा. क्रेनवर राखून ठेवलेला डाव चेल्याला तर भोवतोच, खाली उभ्या असलेल्या खलाशाच्या डोक्यावरही येतो. तुमचे दोस्त तुम्हाला तोच डाव राखायला सांगतायत. ते तुमच्या भल्याचंच बोलतायत, पण नोकरी घ्यायची तर शेवटच्या डावासकट घ्या. तेवढं देण्याची तयारी नसेल तर क्रॉलरवरच बसा. त्यातही कमीपणा नाही.

बोलता येत नाही म्हणता, त्याची चिंता सगळ्यात कमी करा. तुमच्याकडे येणारी निम्मी पोरं झारखंड-बिहारची असतील, त्यांना तुमचं शुद्ध मराठी नको आहे आणि पडद्यावरची चित्रं तर त्याहून नकोत. यार्डात मशिनाशेजारी उभे राहा, हातात खडू घ्या. पहिला आठवडा एकालाही केबिनमध्ये चढू देऊ नका. कुरकुर करतील. करू द्या. माल बांधायची स्लिंग लावू दे, माल फिरू नये म्हणून धरायचा दोर, टॅगलाइन, धरू दे, खुणा करू दे. खालचं काम ज्याने केलं नाही त्याला वरून खालचा माणूस माणूस म्हणून दिसत नाही.

स्लिंगचा कोन शिकवायला एक बादली आणि दोर पुरतो. दोन पोरांना समोरासमोर उभं करायचं, मधे दोराला पाण्याने भरलेली बादली. जवळ उभे असतात तोवर हसत धरतात. मग म्हणायचं, एकेक पाऊल मागे सरका. दोर जसजसा आडवा होतो तसतसे हात थरथरायला लागतात. दोराच्या दोन पायांतला कोन १२० अंश झाला की प्रत्येकाच्या हातावर अख्ख्या बादलीचा भार येतो, अर्ध्याचा नाही. मग सांगायचं, आता दोर अगदी सरळ करून दाखवा, ज्याला जमेल त्याला माझ्याकडून वडापाव. माझा एकही वडापाव आजवर गेलेला नाही. त्यानंतर फळ्यावर आकडे लिहिलेत तर ते डोक्यात बसतात, आधी लिहिलेत तर वहीत.

वजनाचंही तसंच. चलनावर लिहिलेल्या वजनावर विश्वास ठेवायला शिकवू नका. तुम्ही लोखंड बाजारातले, तुम्हाला हे तोंडपाठ असणार : एक चौरस मीटर प्लेट, जाडी एक मिलिमीटर, वजन ७.८५ किलो. पोरांना आठ धरायला सांगा. सहा मीटर बाय दीड मीटरची २० मिलिमीटरची प्लेट म्हणजे ९ गुणिले २० गुणिले ८, १४४० किलो. खरं वजन १४१३ च्या आसपास भरतं. उत्तर थोडं जास्त येतं ते चांगलंच. आणि हुक ब्लॉक, स्लिंग, शॅकल, स्प्रेडर बीम हे सगळं मालातच धरायचं, हे पहिल्या दिवसापासून. जुने ऑपरेटरही इथे चुकतात, तुम्ही पाहिलं असेल.

त्रिज्या मोजताना हातात टेप द्या. दहातली आठ पोरं ट्रॅकच्या कडेपासून मोजतील. त्यांना मोजू द्या, चार्टमधला आकडा काढू द्या, मग सांगा की मशीन ज्या मध्यावर फिरतं तिथून हुकाच्या मध्यापर्यंत मोजायचं असतं. पुन्हा मोजलं की त्रिज्या काही मीटर वाढते आणि चार्टमधला आकडा घसरतो. तो घसरलेला आकडा स्वतःच्या तोंडाने वाचताना पोराचा चेहरा बघा. माझ्या मते अख्ख्या ट्रेनिंगमधला तो सगळ्यात मोलाचा अर्धा तास. केबिनमध्ये गेल्यावर मग भरलेली बादली हुकाला लावून ड्रमांच्या रांगेतून न सांडता न्यायची वगैरे खेळ आहेतच, ते तुम्हाला मी शिकवायला नको.

आता तो शेवटचा डाव. हात कसा चालवायचा हे सहा महिन्यांत कुणीही शिकतो. केव्हा उचलायचं नाही हे शिकवणारा उस्ताद मला माझ्या तरुणपणी एकच भेटला. म्हातारा मालवणी खलाशी होता, अजून हाबेस-आरियाच्या भाषेत बोलायचा. वर घ्यायचं तर हाबेस, खाली तर आरिया. खूण स्पष्ट दिसली नाही की तो सिगारेट पेटवून बसायचा. साहेब खालून बोंबलायचे, हा धूर सोडायचा. सिगारेट सोडून बाकी सगळं मी त्याच्याकडून घेतलं.

हे भाषणाने शिकवता येत नाही, परीक्षेतच घालावं लागतं. मी असं करायचो : परीक्षेच्या दिवशी चार लोड नीट ठेवायचे आणि पाचव्यात खोट ठेवायची. स्लिंगवरचा टॅग गायब, किंवा आउटरिगरखाली, म्हणजे क्रेनच्या बाहेर काढलेल्या पायांखाली, लाकडी पाट न ठेवता भुसभुशीत भराव, किंवा दोन माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या खुणा करतायत. मी शेजारी घड्याळ घेऊन उभा राहायचो आणि मुद्दाम म्हणायचो, चल चल, उशीर होतोय. जो उचलायला गेला तो नापास, मग आधीचे चार कितीही सुंदर उचललेले असोत. अर्थात माल जमिनीवरून सुटायच्या आत मी थांबवायचो. आणि मधेच चहावाल्या पोराला लांब उभं करून दोन्ही हात पसरून थांबण्याची खूण करायला लावायची. इतर खुणा एकाच माणसाच्या घ्यायच्या, पण थांबण्याची खूण कुणाचीही चालते, मग तो मालक असो नाहीतर चहावाला. जो थांबला त्याला शाबासकी. जो म्हणाला ‘तो कोण मला सांगणारा’, त्याला परत पहिल्या आठवड्यात, स्लिंगवर.

तुमची चावीची गोष्ट इथे सांगा. पहिल्या दिवशी नको, तेव्हा ती बढाई वाटते. पाचव्या लोडच्या परीक्षेनंतर, नापास झालेली पोरं तोंड पाडून बसलेली असतात तेव्हा. इंजिनिअर काय म्हणाला, तुम्ही काय विचार केलात, चावी कुठल्या हाताने फिरवलीत, सगळं. ती गोष्ट सांगू शकणारा माणूस शेठला बाहेर पैसे देऊन मिळणार नाही.

वाऱ्याचं वेगळं सांगतो, कारण नवी मुंबईत ते पोरांना पटकन पटतं. ५ ऑगस्ट २०२० च्या वादळी वाऱ्यात न्हावा-शेवा बंदरात धक्क्यावरच्या तीन अजस्र क्रेन आडव्या झाल्या. नशिबाने माणूस दगावला नाही. ते फोटो तुमच्या पोरांनी मोबाइलवर पाहिलेले असतात. त्यांना विचारा, काम संपलं, इंजिन बंद केलं, म्हणजे क्रेन सुरक्षित झाली का? टॉवर क्रेनवाला सुट्टी करून उतरताना स्लूइंगचा, म्हणजे गोल फिरण्याचा, ब्रेक मोकळा सोडतो, म्हणजे वाऱ्याबरोबर जिब, क्रेनचा आडवा हात, आपोआप फिरावा, हे बऱ्याच पोरांना उलटं वाटतं. त्यांना वाटतं, बांधून ठेवली तर बरी. घोडबंदर रोडने जाताना रात्री वर बघायला सांगा, उभ्या टॉवरच्या टोकावर जिब हळूहळू वळताना दिसतो. आणि तुमचा क्रॉलर पावसाळ्यात रात्री कसा ठेवायचा, ते मॅन्युअलमधलं पान उघडून, बोट ठेवून.

आता शेठ. हो म्हणायच्या आधी त्यांच्याशी जे बोलायचंय त्यात पगार शेवटी येतो. पहिलं हे, की मी नापास म्हटलं तर नापास. हे तोंडी नको, कागदावर. कारण सहा महिन्यांत कुणाचा तरी मेहुणा येईल, कुणी तरी म्हणेल साइटवर उद्या माणूस हवाय, कुणी आखातात जायला निघालेला असेल आणि तीन दिवसांत सर्टिफिकेट मागेल. तिथे तुमची सही लागणार. ही सही म्हणजे पुन्हा तीच चावी, फक्त या वेळी मशीन तुमच्या बुडाखाली नसेल आणि हलकं झालेलं तुम्हाला कळणारही नाही. शेठ यावर ‘बघू’ म्हणाले तर त्याचा अर्थ नाही असा घ्या आणि क्रॉलरवर परत जा.

दुसरं, ट्रेनिंगला मशीन कोणतं. पैज लावतो, यार्डातलं सगळ्यात जुनं, ज्याला भाडं मिळत नाही ते. जुनं चालेल. पण त्याचे लिमिट स्विच आणि लोड इंडिकेटर चालू हवेत, हुकाची जीभ जागेवर हवी, आणि तपासणीचं सर्टिफिकेट ताजं हवं. उचलण्याची यंत्रं वर्षातून एकदा तरी सक्षम माणसाकडून तपासून घ्यायची हा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनचा आहे. ज्या मशिनावर अलार्म मेलेला आहे त्यावर शिकलेला पोरगा आयुष्यभर अलार्मला मेलेलाच समजणार.

पगार. अकरा-चौदा हजारांची तूट किरकोळ नाही आणि ‘मान मिळेल’ असं सांगून मी ती भरून काढणार नाही. मुलगी बारावीला म्हणजे पुढचं वर्ष खर्चाचं. माझं म्हणणं, महिन्यातले सहा-सात दिवस क्रॉलरवर काम मागून घ्या, ओव्हरटाइमसकट. अवघड लिफ्ट असतील त्या तुम्हालाच द्या म्हणावं. त्याने अर्धी तूट भरेल. उरलेल्यासाठी ४८ मागा, ४६ वर या. रात्रपाळी सुटली की काय परत मिळतं ते तुमच्या घरच्यांना विचारा, मी सांगायला नको.

या सहा-सात दिवसांचा दुसरा उपयोग तुमच्या दोस्तांच्या भीतीला. त्यांचं बोलणं अगदीच खोटं नाही. पोरं तयार झाली की स्वस्त माणूस मिळतो, आणि शेठ धंदा करायला बसलेत. पण हात चालू असलेला, लॉगबुक भरलेला ऑपरेटर यार्ड बंद पडलं तरी दुसऱ्या दिवशी सीटवर बसू शकतो. दोन वर्षं नुसता खडू धरलेला बसू शकत नाही. म्हणून हाताची सवय मोडू देऊ नका.

कागदांचं थोडक्यात. दहावीवर अडत नाही. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल आहे, तिथून तुमच्या आजवरच्या अनुभवाची परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळतं, आरपीएल म्हणतात त्याला. मग प्रशिक्षकाचं. हा खर्च शेठनी करायचा, तेही बोलण्यात घ्या. सरकारी आयटीआयमध्ये शिकवायचं तर सीआयटीएस, म्हणजे तिथल्या शिक्षकांचा कोर्स, लागतो, तो वेगळा रस्ता, आत्ता त्या वाटेला जाऊ नका. आणि पोरांना हे पहिल्याच तासाला सांगून टाका की आरटीओचं लायसन्स रस्त्यावर मशीन चालवायचं आहे, माल उचलायचं नाही. अर्धी पोरं ते खिशातून काढून दाखवत येतील.

राहिला ता. क. नवीन जागेची वाट कशाला बघताय? आत्ता, या आठवड्यात क्रॉलरवर बसताय ना? संध्याकाळचा हुक धुरकट दिसतो हे लपवणं आणि ती चावी यांत मला फरक दिसत नाही. रविवारी डॉक्टरांची सुट्टी असेल तर शनिवारी अर्धा दिवस रजा टाका, पनवेलला डोळे तपासून घ्या, आणि नंबर निघेपर्यंत सूर्य कलल्यावर लिफ्ट घेऊ नका. सुपरवायझरला कारण सांगा. बहुतेक चष्म्यावर भागेल, चाळिशीत चष्मा बऱ्याच जणांना लागतो. माझा ४१ ला लागला होता आणि मी दीड महिना तो खिशातच ठेवला, पोरं हसतील म्हणून. हसली. दुसऱ्या दिवशी विसरली.

दूरचा निघाला की जवळचा, तेवढं कळवा.